मूळ प्रत कोणती? पैठणच्या ओवीपासून गूगलच्या कॅनॉनिकलपर्यंत

हा आपल्या मागच्या भागाचा लिखित मजकूर. विरार लोकलच्या गर्दीत एक इअरफोन कानात आणि एक खिशात, अशा अवस्थेत अर्ध्या तारखा निसटल्या, असं बऱ्याच जणांनी कळवलं. म्हणून थोडं नीट करून इथे देतोय. भाषा मात्र बोलण्यातलीच ठेवलीय.

सुरुवात माझ्याच एका गाढवपणापासून करतो.

माझी मावशी दहिसर पूर्वेला राहते आणि घरूनच पोळी-भाजीचे डबे देते. तिची वेबसाइट मी केली, कारण घरात एक इंजिनिअर आहे म्हटल्यावर बाहेर पैसे कोण देणार? पहिलं पान दहिसरसाठी केलं. मग डोक्यात आलं की आजूबाजूच्या स्टेशनांसाठीही पानं करूया. बोरीवली, कांदिवली, मीरा रोड, भाईंदर अशी एकूण बारा पानं झाली. मजकूर सगळीकडे तोच, फक्त स्टेशनचं नाव बदललेलं. मला वाटलं, बारा गळ टाकले की बारा मासे लागतील.

दोन महिन्यांनी मावशीचा फोन. "अरे, फोन येतायत, पण सगळे मीरा रोडचे! नाका ओलांडून रोज डबा कोण नेऊन देणार? आणि आपल्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाई म्हणतात, तुम्ही गूगलवर दिसतच नाही."

सर्च कन्सोल उघडून बघितलं. गूगलने बारा पानं एकसारखी मानली होती, त्यातलं एक ठेवलं होतं आणि बाकीची अकरा 'डुप्लिकेट' म्हणून बाजूला सारली होती. ठेवलेलं पान होतं मीरा रोडचं. मी मूळ कोणतं ते सांगितलं नव्हतं, म्हणून मशीनने स्वतःच ठरवलं.

या 'मूळ' पानाला सर्चच्या जगात कॅनॉनिकल म्हणतात. शब्द ग्रीक 'कॅनन'वरून आलाय, म्हणजे मापाची काठी, नियम. आपल्याकडे पोथ्यांचा अभ्यास करणारे 'प्रमाण प्रत' म्हणतात. हा शब्द सापडला तेव्हा लक्षात आलं की मी ज्या खड्ड्यात पडलो होतो, तो वेबपेक्षा कितीतरी जुना आहे. आणि त्यातून बाहेर पडायच्या वाटेवर महाराष्ट्रातली बरीच माणसं भेटतात.

पैठण, १५८४

ज्ञानेश्वरी नेवाशात १२९० साली पूर्ण झाली, म्हणजे शके १२१२. तेव्हा छपाई नाही. ग्रंथ पसरायचा एकच मार्ग होता, कोणीतरी बसून आख्खा हाताने उतरवायचा. सुमारे नऊ हजार ओव्या! उतरवणारा कधी एखादी ओळ गाळतो, कधी अडलेला जुना शब्द बदलून ओळखीचा घालतो. कधी समासात कोणी लिहिलेली ओवी पुढचा माणूस मूळ मजकूर समजून आत घेतो. त्या प्रतीवरून दुसरी प्रत होते, दुसरीवरून तिसरी. चूकही सोबत उतरत जाते.

तीनशे वर्षांत इतके पाठ तयार झाले की कोणता खरा हे सांगणं कठीण झालं. तेव्हा पैठणच्या संत एकनाथांनी हे काम हाती घेतलं. उपलब्ध प्रती ताडून, अपपाठ काढून, त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी ताकीदही लिहून ठेवली. तिचा अर्थ असा की, या ग्रंथात जो आपली मराठी ओवी घुसवेल, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं.

गंमत बघा. आज आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो ती भाद्रपद वद्य षष्ठीला. हा एकनाथांनी शुद्ध प्रत पूर्ण केली तो दिवस. ग्रंथाचा वाढदिवस म्हणून महाराष्ट्राने प्रमाण प्रत ठरल्याचा दिवस निवडलाय.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची वेगळी प्रत छापली. एकनाथांनी हात लावण्याआधीची भाषा या पोथीत शिल्लक आहे, असं त्यांचं मत होतं. त्यावर अभ्यासकांमध्ये भरपूर वाद झाले. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की प्रमाण प्रत ठरली म्हणून प्रश्न कायमचा मिटत नाही. ती कोणी ठरवली, कशाच्या आधारावर ठरवली, हे पुन्हा विचारता आलं पाहिजे. एकनाथांच्या कामात त्यांनी काय काढलं आणि का काढलं, याची यादी आपल्यापाशी नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फायनल कोड आहे, कमिट हिस्टरी नाही.

पुणे, १९१९ ते १९६६

ती हिस्टरी ठेवायचं काम पुण्यात झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ ची. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना उचलून धरली, आर्थिक मदत देऊ केली आणि १९१९ मध्ये काम सुरू झालं.

अडचण ज्ञानेश्वरीसारखीच, पण आकार राक्षसी. महाभारताच्या पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत पसरलेल्या. लिप्या किती? शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. प्रत्येक प्रांतात कथा थोडी वाढलेली, थोडी बदललेली. या प्रकल्पात एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली.

१९२५ मध्ये विष्णू सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृत विद्येकडे वळलेले. त्यांची कामाची पद्धत वाचताना मला एखादं डिझाइन डॉक्युमेंट वाचतोय असं वाटलं. एका कागदावर एकच श्लोक. तो वरच्या ओळीत लिहायचा आणि खाली एकेका पोथीत कुठलं अक्षर वेगळं आहे ते त्या अक्षराच्या बरोबर खाली नोंदवायचं. म्हणजे आज आपण दोन फाइल शेजारी ठेवून 'डिफ' बघतो ना, तेच, पण हाताने, एकाच वेळी डझनावारी पोथ्यांचं आणि लाखभर श्लोकांच्या ग्रंथासाठी.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

एक, जुनी पोथी म्हणजे मूळच्या जवळची पोथी, असं सुकथनकर धरून चालले नाहीत. कालच उतरवलेली प्रत एखाद्या फार जुन्या, चांगल्या प्रतीवरून उतरवलेली असू शकते. म्हणून त्यांनी पोथ्यांची घराणी लावली, कोण कोणावरून उतरलं ते पाहिलं. आदिपर्वासाठी काश्मीरच्या शारदा परंपरेला त्यांनी जास्त वजन दिलं, कारण तिच्यात मागाहून घातलेली भर कमी दिसत होती. त्यांचं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळमधून आदिपर्वाची एक जुनी पोथी हाती आली आणि त्यांच्या बऱ्याच निवडींना तिने दुजोरा दिला. आपण मॉडेलला आधी न दाखवलेला डेटा देऊन तपासतो, तसंच हे, पण आपोआप घडलेलं.

दुसरी गोष्ट, नाकारलेला मजकूर त्यांनी फेकला नाही. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात ती नाही, कारण सर्व परंपरांच्या पोथ्यांमध्ये ती मिळत नाही. पण ती पुस्तकातून हद्दपार झालेली नाही. परिशिष्टात आहे, कोणकोणत्या पोथ्यांत आढळते त्या नोंदीसकट. ज्याला तपासायचंय त्याने तपासावं.

सुकथनकर १९४३ मध्ये गेले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली आणि १९६६ मध्ये काम पूर्ण झालं. सत्तेचाळीस वर्षं! आपण इंडेक्सिंगला चार दिवस लागले की कपाळावर आठ्या आणतो.

कौलं, ठसे आणि पवई

आता वेबकडे येऊ. १९९० च्या दशकात सर्च इंजिनांना कळलं की वेबवर नकलांचा महापूर आहे. एकच मॅन्युअल शंभर कॉलेजांच्या सर्व्हरवर. अगदी तंतोतंत नकला पकडणं सोपं होतं. अवघड होत्या त्या 'जवळजवळ' नकला. तोच मजकूर, वर वेगळं शीर्षक, खाली वेगळी तारीख. किंवा वेगळं स्टेशन, माझ्यासारखं.

१९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आल्टाव्हिस्टा सर्च इंजिनने गोळा केलेल्या ३ कोटी पानांवर एक पद्धत वापरून दाखवली. तिचं नाव शिंगलिंग. शिंगल म्हणजे छपरावर एकमेकांवर चढवलेल्या फळ्या. आपण कौलं म्हणू. दहिसर गावठाणातलं एखादं जुनं कौलारू घर डोळ्यासमोर आणा, प्रत्येक कौल शेजारच्यावर थोडं चढलेलं. वाक्याचेही तसेच तुकडे करायचे.

"दहिसर पूर्वेला घरगुती पोळी भाजीचा डबा मिळेल." सात शब्द. चार-चार शब्दांची कौलं केली तर चार होतात. पहिलं 'दहिसर पूर्वेला घरगुती पोळी', दुसरं 'पूर्वेला घरगुती पोळी भाजीचा', आणि असंच पुढे. आता दहिसरच्या जागी बोरीवली घाला. बदललं फक्त पहिलं कौल, बाकी तीन तशीच. छप्पर तेच आहे हे मशीनला लगेच कळतं. माझी बारा पानं नेमकी अशीच सापडली असणार.

पण कोट्यवधी पानांची सगळी कौलं एकमेकांशी ताडायची म्हणजे पुन्हा सत्तेचाळीस वर्षं. मग छोटा ठसा काढायचा. इथे आपल्या मुंबईचा माणूस येतो, मोझेस चारीकर. मुंबईत जन्म, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये १९९० आणि १९९१ साली भारताकडून पदकं, पवईच्या आयआयटीतून पदवी आणि मग स्टॅनफर्डहून पीएचडी. २००२ मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीला पुढे सिमहॅश हे नाव पडलं.

कल्पना ऐका. नेहमीच्या हॅशमध्ये एक अक्षर बदललं तरी सगळा आकडा बदलतो. पासवर्डसाठी ते छान, नकला ओळखायला निरुपयोगी. चारीकरांच्या पद्धतीत मतदान होतं असं समजा. ६४ जागा आहेत. पानावरचा प्रत्येक शब्द आपल्या हॅशप्रमाणे प्रत्येक जागेसाठी मत देतो, शून्य किंवा एक. ज्याची मतं जास्त, तो त्या जागेवर बसतो. हजार शब्दांपैकी दोन-चार बदलले तर बहुतेक जागांचा निकाल बदलत नाही, फक्त काठावरच्या एखाद-दुसऱ्या जागेचा बदलतो. म्हणजे सारख्या पानांचे ठसेही सारखे.

२००७ मध्ये गूगलमधल्या संशोधकांनी लिहिलं की ८०० कोटी पानांच्या साठ्यासाठी ६४ बिटांचा ठसा चालतो आणि दोन ठशांत तीन किंवा त्याहून कमी बिटांचा फरक असेल तर पानं जवळजवळ सारखी धरता येतात. २०१२ चा पॅरिस कॅनेलाकिस पुरस्कार ब्रोडर, चारीकर आणि पिओत्र इंडिक या तिघांना मिळाला. तो अशाच, साम्य झटपट शोधणाऱ्या हॅशिंगच्या कामासाठी.

मूळ कोणतं ते सांगायची सोय

नकला सापडल्या, पण मूळ कोणतं? ठसा एवढंच सांगतो की ही दोन पानं भावंडं आहेत. थोरलं कोण, ते सांगत नाही. त्यामुळे फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून कॅनॉनिकल टॅगला पाठिंबा जाहीर केला. पानाच्या हेडमध्ये एक ओळ, 'माझं प्रमाण रूप त्या पत्त्यावर आहे'. २०१२ मध्ये त्याचं अधिकृत तांत्रिक टिपणही निघालं.

याची गरज आपल्या साध्या साइटलाही असते. एकच पान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय उघडतं, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्हीवर उघडतं, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या लिंकला मागे ट्रॅकिंगचं शेपूट असतं. आपल्यासाठी ते एक पान, मशीनसाठी पाच पत्ते. पाच जणांनी पाच पत्त्यांना लिंक दिली तर वजन विभागलं जातं.

इथे एक गैरसमज मोडून टाकू. 'डुप्लिकेट कंटेंट असेल तर गूगल दंड करतं' असं सर्रास सांगितलं जातं. साध्या, नकळत झालेल्या नकलांसाठी वेगळा असा दंड नाही. गूगल एक पान निवडतं आणि बाकीची गाळतं, इतकंच. तोटा होतो तो चुकीचं पान निवडलं गेल्यामुळे. फसवण्यासाठी पानांची शेती केली तर मात्र गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा नावाचा बदल आला तो अशाच उथळ, नकली मजकुरावर.

आणि कॅनॉनिकल हा हुकूम नाही, सूचना आहे. तुम्ही एक सांगाल, पण तुमच्या आतल्या सगळ्या लिंक आणि साइटमॅप दुसरंच सांगत असतील तर गूगल तुमचं ऐकेलच असं नाही. सुकथनकरांनीही पोथीच्या शेवटी उतरवणाऱ्याने काय लिहिलंय यावर डोळे मिटून विश्वास ठेवला नसता.

मावशीच्या पुऱ्या

मराठीत आणखी एक पेच आहे, आणि तो मला मावशीच्या साइटवरच भेटला. साइटवर एक सर्चचा चौकोन होता. त्यात 'पुऱ्या' टाकलं की काहीच येईना, मेन्यूत पुऱ्या असताना!

कारण 'पुऱ्या'मधला अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलंत. दोन, साधा 'र', हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणीचा कोड. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे, आतली अक्षरं वेगळी. मेन्यू मी लॅपटॉपवर एका कीबोर्डने टाइप केला होता, गिऱ्हाईक मोबाइलवर दुसऱ्याने टाइप करत होतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागली.

म्हणजे वेबवर नकला ओळखायचा प्रश्न, आणि इथे उलटा. एकच शब्द, पण मशीनला दोन वाटतो. दहिसरचंही तसंच आहे म्हणा. एक आपलं, पश्चिम रेल्वेवरचं, आणि एक शिळफाट्याजवळचं. तिथे नाव एक आणि गावं दोन.

मग केलं काय

बारा पानं उडवली नाहीत. दहा पानांवर ३०१ हा कायमचा पत्ताबदल लावला, दहिसरच्या पानाकडे. ट्रॅकिंगची शेपटं असलेल्या पत्त्यांसाठी कॅनॉनिकल. साइटमॅपमध्ये फक्त खरी पानं. जुनी पानं रोबोट्सच्या फाइलमध्ये अडवून ठेवायचा मोह झाला होता, पण ते चूक. अडवलं तर गूगल आत येऊन पत्ताबदल वाचणार कसं? बोरीवलीसाठी एक पान ठेवलं, कारण तिथे मावशी खरंच डबे देते. पण ते नव्याने लिहिलं, कुठल्या रस्त्यांपर्यंत देते, किती वाजेपर्यंत सांगावं लागतं, सगळं. काही आठवड्यांत निकाल सरळ झाले. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाई आता गिऱ्हाईक आहेत.

एक प्रश्न मात्र या सगळ्याने सुटत नाही. कॅनॉनिकल टॅग माझ्या साइटवर मी लावू शकतो. माझा मजकूर उचलून स्वतःच्या नावाने टाकणारा तो कशाला लावेल? मराठीत हे रोज होतं. कोणीतरी रात्र जागून किल्ल्यावर लेख लिहितं, सकाळी तो नाव कापून व्हॉट्सअॅपवर फिरतो, दुपारी दुसऱ्या कोणाच्या पेजवर असतो, आणि सर्चमध्ये मोठ्या साइटवरची नकलच वर दिसते. मशीन लिंक आणि वजन मोजतं. रात्र कोणी जागली, हे त्याला दिसत नाही.

म्हणून आम्ही या पॉडकास्टपुरते दोन नियम केलेत. आमचा मजकूर दुसरीकडे पुन्हा छापायला मागितला तर देतो, पण त्या पानावर नोइंडेक्स आणि इकडची लिंक, ही अट. आणि आम्ही स्वतः फॉरवर्डमधून काही घेतलं, तर ते पहिल्यांदा कोणी लिहिलं हे शोधल्याशिवाय भागात वापरायचं नाही. सापडलं नाही तर वापरायचंच नाही. या नियमापायी दोन भाग आधीच रखडलेत. चालेल.

हा मजकूर पुढे पाठवणार असाल तर कॉपी-पेस्ट करू नका, लिंक पाठवा. भेटू पुढच्या भागात.